तिथीची पाऊणपट

स्वित्झर्लंडमध्ये ग्लेशियर एक्सप्रेस नावाची एक गाडी आहे. झरमॅटहून निघून सेंट मॉरिट्झला पोचायला ती जवळजवळ आठ तास घेते. वाटेत २९१ पूल आणि ९१ बोगदे. ‘जगातली सर्वांत संथ एक्सप्रेस’ अशीच तिची ओळख करून दिली जाते आणि लोक त्या संथपणासाठी घसघशीत पैसे मोजतात. त्याच देशात आपली सहलवाली मंडळी मात्र सकाळी टिटलिस, दुपारी ल्युसर्न, रात्री भलत्याच गावी मुक्काम अशी पळत असतात. टिटलिसच्या बर्फात शाहरुख-काजोलच्या कटआउटशेजारी फोटो होतो, बसमध्ये डोकी मोजली जातात, चिवड्याची पिशवी फिरते आणि पुढचा डोंगर येतो. तिथले लोक स्वतः सुट्टीला एखाद्या खेड्यात घर घेतात आणि शनिवार ते शनिवार तिथेच राहतात, हे काही बसच्या काचेतून दिसत नाही.

अलीकडे ठाण्या-पुण्याच्या घरांत वेगळं बोलणं कानावर येतं. या खेपेला एकच गाव, एकच घर. बघायचं राहिलं तर राहिलं. आल्प्समध्ये हे करायचं तर आधी शेंगेन व्हिसा, विमानाची तिकिटं आणि काही लाखांचा हिशेब. ज्यांना जमतं त्यांनी जरूर जावं. पण डोंगर, पाणी, बोट, जुनी गावं, तिथलंच अन्न आणि हाताशी मोकळा वेळ एवढाच त्या सुट्टीचा ऐवज असेल, तर तो गेटवेपासून बोटीने तासाभरावर पडलेला आहे. रायगडच्या किनाऱ्याला आपण शनिवार-रविवारच्या खात्यात टाकून मोकळे झालो, म्हणून तो दिसत नाही.

सुट्टी आखायला बसलं की पहिला प्रश्न वेळापत्रकाचा. स्विस रेल्वेने १९८२ साली सगळ्या देशाच्या गाड्या एका ठोक्यावर बसवल्या. एखाद्या स्टेशनातून गाडी नऊ वाजून दोन मिनिटांनी सुटत असेल, तर दहा, अकरा, बारा वाजूनही दोन मिनिटांनीच सुटणार. रायगडच्या किनाऱ्याचं वेळापत्रक समुद्र ठरवतो आणि तो रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो. कोळीवाड्यांत यासाठी जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनला पाणी चढलेलं, सकाळी आणि रात्री नवाच्या सुमारास उतरलेलं. अष्टमीला भरती सहाची, तेव्हा ओहोटी भर बारा वाजता. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे धरायचा.

म्हणून हॉटेलच्या ॲपमध्ये तारखा टाकण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय काढावं, असं मी आता सगळ्यांना सांगतो. त्यात आणखी एक बारकावा आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. भरती जशी उंच चढते, तशी ओहोटीही लांब जाते, आणि ती जाते नेमकी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला चालत गाठायचा तर उधाणाच्या दिवसांतली सकाळ पकडावी. तेव्हा किल्ल्यापर्यंतची वाळू आणि खडक उघडे पडतात, उन्हाचा त्रास नसतो आणि मुंबईची पहिली लाँच अजून सुटायची असते. अष्टमीच्या सुमारास दुपारी बाराच्या ओहोटीला तळपत्या उन्हात घोडागाडीवाल्याशी घासाघीस करणारी कुटुंबं पाहिली की वाटतं, यांना कुणीतरी पंचांग दाखवायला हवं होतं.

किल्ला निवांत बघण्यासारखा आहे. शिवाजी महाराजांनी १६८० साली, म्हणजे अखेरच्या वर्षी, त्याचं बांधकाम हाती घेतलं. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. तटाचे मोठाले चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत. लाट फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तिथेच मरतो, असं त्याचं कारण सांगतात. आत रघुजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपतीचं मंदिर आहे, चारी बाजूंना खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे आणि उत्तरेच्या तटावर १८४९ सालच्या इंग्रजी बनावटीच्या दोन तोफा चाकांच्या गाड्यावर अजून उभ्या आहेत. घाईत आलेले लोक तोफांवर हात ठेवून फोटो काढतात आणि पाणी चढायच्या भीतीने वळतात. वाट उघडी पडल्याबरोबर जो जातो त्याला तीन-चार तास आरामात मिळतात.

यायचं कसं, हाही सुट्टीचाच भाग. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून मुंबईकरांना वाटतं की आता अलिबाग गाडीनेच गाठावं. सेतूवरून सुसाट उतरल्यावर पेण आणि वडखळ नाका यायचेच असतात. शुक्रवारी संध्याकाळी वडखळला अडकलेल्या माणसाला विश्रांतीची गरज सुट्टीआधीच निर्माण होते. गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँच त्यापेक्षा किती तरी सभ्य. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचा थवा बोटीमागे उडत राहतो, तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसही येते. गाडी सोबत हवीच असेल तर भाऊच्या धक्क्याहून रो-रो आहे. मार्च २०२० पासून ती चालते आणि गाड्या पोटात घेऊन तासाभरात मांडव्याला लावते. जूनपासून ऑगस्टअखेर छोट्या लाँच बंद असतात. त्यातल्या जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीचीही बंदी असते, त्यामुळे त्या दिवसांत ताज्या पापलेटाच्या आशेवर कुणी येऊ नये. पावसाळा इथे सुंदर असतो, फक्त तो वेगळ्या सुट्टीचा विषय आहे.

राहायचं कुठे, यावर मात्र माझी मतं पक्की आहेत. मांडव्यापासून किहीमपर्यंत मोठ्या कुंपणांमागे मुंबईच्या धनिकांचे बंगले आहेत, त्यांतले काही भाड्यानेही मिळतात. निळा तलाव, आयात केलेली झाडं, वातानुकूलित खोल्या. गैर काही नाही. पण तलावाकाठी झोपून समुद्राकडे पाठ करायची असेल तर तेवढी सोय लोणावळ्यातही आहे. ऐष म्हणजे काय हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या लेखी ती नागाव, चौल किंवा दिवेआगरच्या वाडीतल्या घरात आहे. वर सुपारी आणि नारळ, खाली अळू आणि केळी, मधून पाटाचं पाणी. भर दुपारी वाडीत ऊन कवडशांतूनच येतं. सकाळच्या जेवणाला काय, हे आदल्या रात्री विचारतात, कारण मासळी आणायची की नाही ते त्यावर ठरतं.

या वाड्या पाहताना ३ जून २०२० विसरता येत नाही. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यात आजोबांनी लावलेल्या सुपाऱ्या काही तासांत आडव्या झाल्या. सुपारीचं नवं रोप लावलं तर ते धरायला सहा-सात वर्षं जातात. पाहुण्यांसाठी काढलेल्या दोन खोल्यांवर अनेक घरांनी ती वर्षं रेटली. नागावला एका वाडीवाल्या काकांना मी विचारलं, पाहुण्यांचा त्रास नाही होत? ते म्हणाले, ‘पाव्हणा चार दिवस राहिला तर घरातला होतो, एक रात्र राहिला तर चादरी धुण्यातच आमचा दिवस जातो.’ मुक्काम लांबवण्याच्या बाजूने याहून व्यवहारी युक्तिवाद माझ्या ऐकण्यात नाही.

आता, इतके दिवस करायचं काय? हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याला किहीमने नव्वद-एक वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवलंय. १९३० साली सलीम अली बर्लिनहून पक्षिशास्त्र शिकून परतले तेव्हा त्यांना मुंबईत नोकरी नव्हती. ते किहीमला समुद्रकाठच्या घरात राहायला आले. जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. त्या पावसाळ्यात त्यांनी रोज तासन्‌तास तिच्याकडे बघण्याचं काम केलं. नर अर्धवट घरटी विणतो, माद्या येऊन आत-बाहेर पाहणी करतात, एखादीने पसंत केलं की तो घरटं पुरं करतो. ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो आणि दुसरीची वाट पाहतो. हे सगळं आधी कुणी नीट नोंदवलेलं नव्हतं. १९३१ मध्ये त्यांचा निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि सलीम अलींचं नाव झालं. एका बेकार माणसाने एका ठिकाणी बसून एका झाडाकडे बघितलं, त्याची ही मिळकत. किहीमला आजही पाऊस सुरू झाला की ताडा-माडांवर आणि विहिरींच्या कडेला सुगरणींची लोंबती घरटी दिसतात. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांना ती दिसत नाहीत.

किहीमच्या वाटेवर सासवने लागतं. तिथे शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं घर आहे, त्याचंच शिल्पालय केलेलं. पुण्यातला १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे हेच करमरकर. जन्म सासवन्याचाच, १८९१ चा. लहानपणी त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं आणि त्यांच्या मदतीने मुलगा जे. जे. स्कूलमध्ये गेला. आवारात आणि घरात माणसं, जनावरं, कोळी बायका उभ्या आहेत. म्हैस तर अशी बसलीय की दुरून बघणारा बाजूने वळून जातो. निवांत बघायला एक अख्खी सकाळ राखून ठेवावी. बहुतेक पर्यटक मांडव्याहून अलिबागकडे जाताना इथून न थांबताच निघून जातात, हे शिल्पालयाच्या शांततेवरून कळतं.

अलिबाग गावातही अशी एक जागा आहे जिच्यावरून सगळे किनाऱ्याकडे निघून जातात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं तेव्हा तिथल्या कुलाबा वेधशाळेपुढे पेच आला. विजेच्या तारांनी चुंबकीय नोंदी बिघडल्या असत्या. म्हणून १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. बांधकामात लोखंड टाळलं, दगड पोरबंदरहून आणला. दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग इथे एकाच वेळी नोंदी घेऊन दोन्ही ठिकाणचं माप जुळवून पाहिलं, मग कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बंद झाल्या. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी या गावात शतकाहून अधिक काळ अखंड चालू आहेत. मुंबईच्या गडबडीपासून लांब म्हणून अलिबागला येणारं पहिलं बिऱ्हाड बहुधा तेच.

अगदी पहिलं नव्हे खरं तर. नवगावच्या किनाऱ्यावर बुडालेल्या जहाजातून वाचलेली सात जोडपी हे आपले पूर्वज, असं बेने इस्रायली मानतात. या मंडळींनी तेलघाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. रायगडच्या किनाऱ्यावर आठवड्याची सुट्टी निष्ठेने पाळणारे ते पहिले लोक. बहुतेक कुटुंबं गेल्या शतकात इस्रायलला गेली. अलिबागच्या इस्रायल आळीतलं आणि रेवदंड्याचं सिनेगॉग मात्र उभं आहे.

अक्षी, चौल, रेवदंडा आणि कोर्लई हा पट्टा एका दिवसात ‘करणारे’ असतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. अक्षीत शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा मानला जाणारा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. चौल बंदर तर त्याहून किती तरी जुनं. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन समुद्रमार्गे चौलला उतरला आणि पुढे जुन्नरला पावसाने त्याला गाठून बसवून ठेवलं. कोर्लईला खाडीच्या तोंडावर पोर्तुगीजांचा किल्ला आहे. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज गेले, पण किल्ल्याखालच्या वस्तीतली ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली बोलतात. बोलणारे हजाराच्या आसपास, आणि जगात फक्त याच गावात. गल्लीतून हळू चालणाऱ्याच्या कानावर ती आपसूक पडते.

खाण्याचा हिशेबही महिन्यांप्रमाणे करावा लागतो. डिसेंबर ते फेब्रुवारी पोपटीचे दिवस. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ. मधे मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे, कांदे. तोंड पुन्हा पाल्याने गच्च. पाण्याचा थेंब नाही. मडकं शेतात उपडं ठेवून भोवती पेंढा आणि लाकडं पेटवायची. अर्ध्या-पाऊण तासाने ते फोडायचं की रिकामं करायचं यावर दरवर्षी वाद. पोपटी ऑर्डर करून हॉटेलातही मिळते आता, पण थंडीत शेतात जाळाभोवती उभं राहणं हा तिचा अर्धा स्वाद, आणि त्यासाठी यजमानाशी दोन दिवस आधी बोलावं लागतं. खारेपाटात घरच्या तळ्यांमध्ये वाढवलेला जिताडा मासाही असाच. तो पाहुण्यासाठी राखलेला असतो, दुकानात मागायचा नसतो. मार्च-एप्रिलमध्ये आलात तर अलिबागजवळच्या कार्ले, खंडाळे, नेहुलीचा पांढरा कांदा पातीसकट वेण्या घालून दारोदार टांगलेला दिसेल. २०२२ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी येत नाही, इतका गोडसर.

ही जमीन इतकी रम्य दिसते की तिच्यावरून भांडणं झाली असतील असं वाटत नाही. याच खारेपाटात चरी गावच्या कुळांनी १९३३ साली खोतांविरुद्ध शेती कसायचं बंद केलं. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तो संप सहा वर्षं टिकला, लोकांनी लाकडं फोडून आणि मजुरी करून दिवस काढले. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. आज त्याच भागात जमिनीचे भाव विचारत फिरणारे दलाल भेटतात. चौकशी करायची हौस असेल तर भावाच्या जोडीने चरीचीही करावी.

काशीदच्या पुढे बहुतेकांची सुट्टी संपते आणि माझ्या मते इथेच ती सुरू व्हावी. काशीदच्या मागे फणसाड अभयारण्य आहे, एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान. सकाळी लवकर गेलं आणि गप्प राहिलं तर शेकरू दिसतो. मुरूडला जंजिरा बघायचा तर राजपुरीहून शिडाच्या होडीने जावं. तिथून आगरदांड्याला जंगल जेटीच्या फेरीबोटीवर गाडी चढवली की पलीकडे दिघी, म्हणजे खाडीला घालायचा म्हसळ्याचा लांबलचक वळसा वाचतो. वाचलेला वेळ दिवेआगर ते श्रीवर्धन या समुद्रकाठच्या रस्त्यावर खर्च करावा. वाटेतलं शेखाडी हे १९९३ च्या मुंबई स्फोटांसाठीची स्फोटकं उतरली ते गाव. रस्त्यावरून बघताना तिथे फक्त होड्या आणि वाळत टाकलेली सुकट दिसते. श्रीवर्धन पेशव्यांचं मूळ गाव, बाळाजी विश्वनाथ भटांचं, आणि रोठा सुपारीचं.

हरिहरेश्वरला पुन्हा पंचांग लागतं. देवळामागचा प्रदक्षिणेचा मार्ग समुद्रातल्या खडकांवरून जातो आणि ओहोटीलाच चालता येतो; भरतीच्या लाटेने तिथून माणसं ओढून नेलेली आहेत, म्हणून वेळ स्थानिकांना विचारल्याशिवाय पायऱ्या उतरू नयेत. दशमीच्या आसपास गेलात तर साडेसात-आठची भरती आणि दुपारी दीडच्या सुमाराची ओहोटी, मग सकाळ दर्शनाला आणि जेवणाआधीचा वेळ प्रदक्षिणेला.

परतीला श्रीवर्धनहून म्हसळामार्गे माणगावची एसटी मिळते आणि माणगावला दिवा-सावंतवाडी गाडी थांबते. स्वतःची गाडी असेल आणि रजा शिल्लक असेल तर हरिहरेश्वरजवळ बागमांडल्याहून जंगल जेटीने सावित्रीची खाडी ओलांडावी. पलीकडे वेसवी, रत्नागिरी जिल्हा. महिना फेब्रुवारी-मार्चचा असेल तर वेळासच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात; मुक्कामाची घरं गावातच आहेत, फक्त शनिवार टाळून आधी फोन करावा.